भोंगा वाजला की ओसरीवर

आमच्या नॉयहोफ गावात वादळाचा भोंगा वाजला की माणसं घराबाहेर येतात. भोंगा तळघरात जाण्यासाठी असतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, शाळेत तसं शिकवलंही जातं. पण कॅन्ससच्या या भागात जमीन इतकी सपाट की तीस मैलांवरचं वादळ ओसरीतून दिसतं. ते दिसत असताना खाली जाऊन बटाट्यांच्या पोत्यांशेजारी बसायचं, हे आमच्या रक्तातच नाही. बायका हात पुसत येतात, म्हातारे काठी चाचपत येतात, समोरासमोरच्या घरातली माणसं एकमेकांना हात करतात. मग सगळे नैर्ऋत्येला तोंड करून उभे राहतात आणि कुणीतरी म्हणतं, "येतंय वाटतं."

या बाबतीत माझा हात धरणारा गावात कुणी नव्हता. माझ्या ओसरीचं तोंड बरोबर नैर्ऋत्येला, मध्ये एक झाड नाही. तिथे मी सहा खुर्च्या कायमच्या मांडल्या होत्या. भोंगा झाला की शेजारचा मेल्विन थंड चहाचा पेला घेऊन कुंपण ओलांडायचा आणि तिसऱ्या खुर्चीत बसायचा. ती त्याचीच ठरलेली. बाकीच्या खुर्च्यांवर जो आधी येईल तो. मी चाळीस वर्षं रेल्वेलगतच्या धान्याच्या कोठारावर काम केलं आहे, कोठाराच्या गच्चीवरून ढग पाहिले आहेत, त्यामुळे बसणाऱ्यांना दोन गोष्टी समजावून सांगणं हे माझ्याकडेच असायचं. डेलमार जॅन्ट्झ सांगतो म्हणजे असणार, असं लोक म्हणायचे. निदान माझ्यासमोर म्हणायचे.

पंचाईत एवढीच की ज्या बाईशी मी लग्न केलं, तीच भोंगा वाजवायला लावणारी.

लोरेनाने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. त्याच दिवसांत ती हवामान खात्याच्या स्वयंसेवकांत गेली. वादळाची चिन्हं दिसली की पिकअप काढायची, स्मशानाच्या टेकाडावर जाऊन उभं राहायचं आणि दिसेल ते रेडिओवर सांगायचं. टेकाड म्हणजे पन्नास फूट उंच असेल, पण आमच्याकडे तोच डोंगर. गारा किती मोठ्या, वारा कुठून, ढगाचा तळ फिरतो आहे की नुसताच लोंबतो आहे, असं सगळं ती कळवते. खात्याची यंत्रं शंभर मैलांवर बसलेली, त्यांना ढगाच्या वरचं पोट दिसतं. तळाशी काय चाललंय ते माणसालाच बघावं लागतं. बस सोडल्यावरही हे काम तिने सोडलं नाही.

मी तिला म्हणायचो, "लोक ओसरीवरून फुकट बघतात, तू पेट्रोल जाळून बघतेस."

ती म्हणायची, "तू ढग बघत नाहीस, डेल. तू मेल्विनला दाखवतोस."

तीन वर्षांपूर्वी तिच्या हातून एक चूक झाली आणि गावाने ती जपून ठेवली. इर्मा रॅट्झलाफच्या नातीचं लग्न होतं, इर्माच्याच शेतावर, मांडव घालून. इर्मा माझ्या वर्गातली. शाळेत वर्गाची पुढारी होती, अजूनही आहे. ऐन जेवणाच्या वेळी लोरेनाने टेकाडावरून कळवलं की टॉर्नेडोची सोंड खाली येते आहे. भोंगा झाला. पाहुणे रीतीप्रमाणे बाहेर येऊन उभे राहिले. तळघराकडे एकटी इर्मा गेली, कारण तिला तीन मजली केक वाचवायचा होता. चौथ्या पायरीवर केक गेला. आणि आकाशात काय होतं, तर ढगाची एक फाटकी चिंधी. वाऱ्याने लोंबत होती, जमिनीपर्यंत पोचल्यासारखी दिसत होती, पण फिरत नव्हती. भल्याभल्यांना ती फसवते. दहा मिनिटांत ऊन पडलं आणि इंद्रधनुष्य निघालं.

तेव्हापासून गावात कुठलाही ढग जरा खाली आला की 'लोरेनाची चिंधी' म्हणतात. लोरेना हसून सोडायची. घरी आल्यावर मात्र एकदा म्हणाली, "पुन्हा चुकले ना, तर रेडिओ नेऊन देईन. ज्या बाईवर गाव हसतं, तिने कशाला ओरडावं? ऐकणार कोण?"

मी तेव्हा काहीतरी विनोद केला. काय केला ते आता आठवत नाही, आणि बरंच आहे.

आता त्या शनिवारचं सांगतो.

मे महिन्याचा शेवटचा शनिवार म्हणजे आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं जेवण. शाळा बंद होऊन बावीस वर्षं झाली, आता मुलं दुसऱ्या गावाला जातात, पण जेवण चालू आहे. डेन्व्हरहून, विचिटाहून माणसं येतात. शाळा सोडल्याची वर्षं एकेक करून पुकारली जातात, ज्या वर्षाचं नाव निघेल त्या वर्षाची माणसं उभी राहतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. समितीची प्रमुख अर्थातच इर्मा. त्या वर्षी तिने गावच्या बागेत नवीन छप्पर उभारून घेतलं होतं, चारी बाजूंनी उघडं, खाली वीस टेबलं. त्यावर तिचा फार जीव. जेवण तिथेच होणार हे तिने जानेवारीतच जाहीर केलं होतं.

सकाळी मी उठलो तर लोरेना स्वयंपाकघरात नकाशा बघत बसलेली. हवामान खातं धोक्याच्या पाच पायऱ्या काढतं, हिरव्यापासून किरमिजीपर्यंत. चौथी लाल. आम्ही लालच्या मधोमध होतो.

"लाल तर गेल्या वर्षीही होता," मी म्हणालो. "थेंब पडला नाही."

"वर झाकण आहे, डेल. गरम हवेचं. खाली दोन दिवस दक्षिणेच्या आखातावरून ओल येतेय, ती शिजतेय." तिने खिडकीतल्या थंड बाटलीकडे बोट केलं. सकाळी सात वाजता बाटलीला पाणी सुटून खाली थारोळं झालं होतं. "झाकण टिकलं तर संध्याकाळी तू मला हसशील. झाकण उडालं तर तासाभरात सगळं होईल."

"आणि टिकेल की उडेल?"

"ते खात्यालाही सांगता येत नाही. म्हणून तर लाल म्हणतात, नाहीतर वेळ आणि पत्ता दिला असता."

"मग इर्माला काय सांगणार?"

"तेच तर बघतेय." तिने नकाशा बाजूला सारला. "एकशे तीस माणसं, चारी बाजूंनी उघडं छप्पर. आणि भोंगा वाजवला की सगळे छपराखालून बाहेर येणार, नीट दिसावं म्हणून. तूच पहिला."

मी अंडी केली.

दहा वाजता आम्ही बागेत गेलो. दक्षिणेचा वारा सकाळपासून सुटला होता, टोप्या धरून चालावं लागत होतं. इर्मा टेबलांवर कागदी आच्छादनं चिकटवत होती आणि वारा ती उपटत होता. दोघांचंही काम चोख चाललं होतं.

"नकाशा पाहिलास?" लोरेनाने विचारलं.

"पाहिला," इर्मा म्हणाली. "लग्नाच्या दिवशी पिवळा होता. पिवळ्याला माझा केक गेला, आता लालला काय हॅम जाणार?"

मी हसलो. लोरेनाने माझ्याकडे पाहिलं, मी थांबलो.

"इर्मा, तो केक माझ्यामुळे गेला. ते मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. पण आज चर्चच्या तळघरात जेवू या. टेबलं तिथे आहेत, स्वयंपाकघर तिथे आहे."

"तळघरात? बावीस वर्षं तळघरातच जेवतोय, म्हणून तर हे छप्पर बांधलं. लोक डेन्व्हरहून येतात, त्यांना आकाश दिसायला नको?"

"दिसेल. तीच तर भीती आहे."

"तुझी चिंधी दिसेल," इर्मा म्हणाली आणि पुन्हा कागद चिकटवायला लागली. बोलणं संपलं होतं. मी लोरेनाला ओळखतो, मला वाटलं आता ही आकडे सांगायला लागणार. ओल किती, वारा कोणत्या उंचीवर कसा वळतोय. इर्माला आकडे सांगणं म्हणजे कोठाराच्या भिंतीला सांगणं.

पण लोरेनाने आकडा काढला नाही. तिने टेबलाच्या फळीवरून बोट फिरवलं आणि वर धरलं. बोट तांबडं झालं होतं.

"दक्षिणेकडची नांगरलेली शेतं आहेत सगळी," ती म्हणाली. "ठीक आहे, आच्छादनं चिकटतील. पण ग्रेव्हीवर काय घालणार?"

इर्माचा हात थांबला.

आमच्याकडे या जेवणाला व्हेरेनिकी असतात. पनीर भरलेले मोदकाएवढे उकडलेले गोळे, आणि त्यावर हॅमची पांढरी ग्रेव्ही. ती ग्रेव्ही इर्माच्या आजीच्या हातची म्हणून गावात ओळखली जाते, आजी जाऊन साठ वर्षं झाली तरी. पांढऱ्या ग्रेव्हीत तांबडी धूळ, हे चित्र इर्माच्या डोळ्यांपुढून जाताना मी स्वतः पाहिलं.

"दातांत कचकच लागेल," लोरेना म्हणाली. "डेन्व्हरचे लोक बोलून दाखवणार नाहीत, पण घरी जाऊन बोलतील."

इर्माने एक आच्छादन उपटलं, दुसरं उपटलं. "ग्रेव्हीसाठी जातेय मी तळघरात," ती म्हणाली. "आकाशासाठी नाही. हे लोकांना कळलं पाहिजे."

"सगळ्यांना सांगेन," लोरेना म्हणाली.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "हे तुला आधी का नाही सुचलं?"

"आधी सुचलं होतं. पण खरं कारण सांगून बघावं, असं वाटतं एकदा तरी माणसाला."

दुपारभर काही झालं नाही. आकाश निळंभोर, वारा तसाच. चार वाजता मी ओसरीवर बसून झाकण टिकलं असं जाहीर केलं आणि मेल्विनने मान डोलावली. पाच वाजता पश्चिमेला एक ढग उभा राहिला. फुलकोबीसारखा, कडा कोरलेल्या, आणि बघता बघता दुप्पट झाला. मेल्विनने पेला खाली ठेवला.

लोरेना पिकअपमध्ये दुर्बीण टाकत होती. जाण्याआधी तिने मला हाताने धरून चर्चमध्ये नेलं, तळघराच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं केलं आणि हातात छोटा रेडिओ दिला. त्याची तार खिडकीतून बाहेर काढलेली होती.

"तू इथे बसायचं," ती म्हणाली. "आवाज पूर्ण मोठा ठेवायचा."

"जेवणार कुठे?"

"इथेच. इर्मा ताट आणून देईल."

"आणि मी इथेच का?"

"कारण जिना एकच आहे, आणि तू ती पायरी पूर्ण भरतोस."

माझं वजन तीनशे पौंडांना थोडं कमी आहे. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, त्याचा एवढा थेट उपयोग तिने प्रथमच केला. मी रुसलो. ओसरी सोडून, ऐन मोसमातला ढग सोडून, मला दरवान केलं होतं. ती निघाली तेव्हा मी नीट निरोपही दिला नाही, फक्त म्हटलं, "चिंधी दिसली तर कळव."

हे वाक्य मी पुढचा तासभर चघळत होतो.

सहा वाजता तळघर गच्च भरलं. मुलं, म्हातारे, डेन्व्हरवाले. व्हेरेनिकी फिरल्या, ग्रेव्ही पांढरीशुभ्र होती, आणि इर्मा प्रत्येक टेबलाशी जाऊन वर किती धूळ आहे ते सांगत होती. मग पुकारा सुरू झाला. माझ्या गुडघ्यावर ताट, कानाशी रेडिओ. रेडिओवर लोरेना आणि वर्ल श्राग. वर्ल आमच्या अग्निशमन दलाचा प्रमुख, पंचेचाळीसचा असेल, भोंग्याची कळ त्याच्याकडे. लहानपणी लोरेनाच्या बसमध्ये तो नेहमी चाकावरच्या सीटवर बसायचा, त्यामुळे अजूनही तिला मिसेस जॅन्ट्झ म्हणतो.

"मिसेस जॅन्ट्झ, काय दिसतंय?"

"तळ खाली आलाय. मोठा आहे. बघतेय."

"चिंधी नाही ना?"

"तेच बघतेय, वर्ल. घाई करू नकोस."

ती चांगली पाच मिनिटं गप्प होती. मला तिचा चेहरा दिसत होता, म्हणजे दिसत नव्हता, पण माहीत होता. दुर्बिणीमागे एक डोळा मिटून, खालचा ओठ दातांत. तीन वर्षांपूर्वी तिने दहा सेकंदांत सांगितलं होतं. आता गावाच्या हसण्यामुळे तिला पाच मिनिटं लागत होती, आणि त्या हसण्यात माझा वाटा मोठा होता.

"फिरतोय," रेडिओतून आवाज आला. "तळ फिरतोय, वर्ल. धूळ उचलली जातेय. सोंड खाली आहे, जमिनीला लागलेली आहे. कोठारापासून नैर्ऋत्येला तीन मैल, तोंड गावाकडे. वाजव."

वर्लने काही विचारलं नाही. भोंगा वाजला.

तेव्हा इर्मा एकोणीसशे अडुसष्ट पुकारत होती आणि त्या वर्षाची चार माणसं उभी होती. भोंगा वाजला आणि बाकीची एकशे सव्वीस उभी राहिली. कुणी घाबरलं नव्हतं. खुर्च्या मागे सरकल्या, बायकांनी हात पुसले, म्हाताऱ्यांनी काठ्या चाचपल्या, आणि सगळे जिन्याकडे वळले. तळघरातून वर निघाले, बघायला. टॉर्नेडो येतोय म्हणून सुरक्षित जागेतून उठून बाहेर. पुढे मेल्विन, हातात चहाचा पेला.

आणि खरं सांगायचं तर त्याच्याही पुढे मी. माझं ताट जमिनीवर होतं, एक पाय दुसऱ्या पायरीवर होता, आणि हे मी केव्हा केलं ते मला आजही सांगता येणार नाही. ज्याला दार अडवायला बसवलं, तोच दारातून निघाला होता.

तेवढ्यात हातातला रेडिओ खरखरला. आवाज मोठा ठेवला होता, भिंतीवर आदळला.

"खाली बसा."

हा आवाज आमच्या स्वयंपाकघरातला नव्हता. तो मी घरी कधी ऐकला नव्हता. तो बसमधला होता, पुढच्या आरशात बघत मागच्या सीटपर्यंत पोचवायचा.

"खाली बसा सगळे. मला दिसतंय कोण उभं आहे. गाडी अजून थांबलेली नाही."

एकशे तीस माणसं बसली. मिळेल त्या खुर्चीवर, मिळेल त्या मांडीवर. अर्ध्याहून जास्त जण तिच्या बसमधून मोठे झालेले, बाकीच्यांची मुलं तिच्या बसमधली. मेल्विन तर जमिनीवरच बसला, पेला दोन्ही हातांत धरून, पन्नास वर्षांचा माणूस. कुणी ठरवून बसलं नाही. भोंग्यापेक्षा जुनी सवय आत कुठेतरी होती, तिने गुडघे मोडले.

"डेल," रेडिओ म्हणाला, जरा हलक्या आवाजात, "तूही."

मी बसलो. पायरी भरली.

मग दिवे गेले आणि रेडिओ गेला.

लोक सांगतात की टॉर्नेडोचा आवाज मालगाडीसारखा असतो. मी चाळीस वर्षं मालगाड्यांशेजारी काढली, तसा तो नव्हता. रिकाम्या कोठारात मोठा पंखा लावला की भिंती गुणगुणतात आणि छाती आतून हलते, तसा होता. कानांना दडे बसले आणि सुटले. वरून छताचा चुना पडला, कुठेतरी काच फुटली, एक बाळ रडत होतं, त्याचं तोंड दिसत होतं पण रडणं ऐकू येत नव्हतं. माझ्या पाठीमागे जिन्याच्या वरचं दार आपटत होतं. त्या दाराबाहेर माझी बायको होती, पन्नास फुटांच्या टेकाडावर, पिकअपमध्ये. मी रेडिओ दाबत होतो, "लोरेना, लोरेना," आणि त्यात काहीच नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तिथे उभं राहून कसं वाटतं. मी खूप घाबरलो होतो. हे मी कुणाला सांगत नाही, पण घाबरलो होतो.

किती वेळ गेला माहीत नाही. आवाज दूर गेला, मग नुसता पाऊस राहिला. अंधारात कुणीतरी माझी बाही धरली. इर्मा होती.

"ती चिंधी नव्हती ना?" ती हळू आवाजात म्हणाली.

"नव्हती."

"त्या केकचं मी फार लावून धरलं, डेल."

"मीही," मी म्हटलं.

वरच्या खिडकीत विजेरी चमकली. वर्ल होता, हेल्मेट घालून, चिंब. "गेलं पुढे," तो ओरडला. "गाव वाचलं. बागेपासून दक्षिणेकडची बाजू गेली, पण माणसं सगळी ठीक आहेत. या वर."

कुणी हललं नाही.

"अहो, गेलं," वर्ल म्हणाला. "मोकळं आहे."

"तू सांगून काय उपयोग," इर्मा अंधारातून म्हणाली. "गाडी तुझी आहे का?"

मग वर्लही खिडकीशीच उकिडवा बसला.

"मिसेस जॅन्ट्झ बोलत नाहीयेत रेडिओवर," तो मला म्हणाला.

"माहीत आहे मला."

आणखी वीस मिनिटं. बाळ झोपलं. कुणीतरी अंधारात रूबार्बची पाई कापून हातोहात फिरवली, ती माझ्यापर्यंत आली, मी पुढे दिली. पाई पुढे देण्याची माझी ती आयुष्यातली पहिली वेळ, इर्माने नंतर सगळीकडे सांगितलं.

मग वरचं दार उघडलं. जिन्यावर पावलं वाजली, एक बूट पाण्याने पचपचत होता. मी वळायच्या आधीच मला कळलं. ती दोन पायऱ्या वर थांबली, कारण पुढे मी होतो. केस कपाळाला चिकटलेले, कपाळावर काचेचा ओरखडा, हातात रेडिओची मोडलेली तार.

"गारांनी काच गेली," ती म्हणाली. "पूर्वेला पळाले, मग रस्त्यावर झाडं, दहा मैलांचा वळसा पडला. तू का रडतोयस?"

"चुना गेलाय डोळ्यात."

"बरं." ती माझ्या शेजारी बसायला बघत होती, पण जागा नव्हती, मग मागच्याच पायरीवर बसली आणि गुडघा माझ्या पाठीला टेकवला. "इर्मा, तुझं छप्पर गेलं. खांबसुद्धा नाहीत. टेबलं कुठे आहेत माहीत नाही."

इर्माने एकदा खोलीभर नजर फिरवली, मोजत असल्यासारखी.

"आणि डेल, ओसरी गेली."

"घर?"

"घर आहे. ओसरी नाही."

"खुर्च्या?"

"डेल," ती म्हणाली.

मेल्विन जमिनीवरून माझ्याकडे बघत होता. तिसरी खुर्ची त्याची. त्याने पेला हळूच बाजूला ठेवला, आणि बराच वेळ तो त्याच्या हातातच होता हे मला तेव्हा दिसलं.

पाऊस थांबला होता. वर संध्याकाळचं पिवळं ऊन पडलं असावं, दारातून जिन्यावर येत होतं. तरी कुणी उठलं नाही. लोरेनाने एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत पाहिलं. डेन्व्हरवाले, म्हातारे, मांडीवर मुलं घेतलेल्या बायका, खिडकीशी उकिडवा वर्ल, सगळे तोंड वर करून तिच्याकडे बघत होते.

"काय झालं?" तिने मला विचारलं. "वर्लने सांगितलं नाही का?"

"सांगितलं."

"मग बसलेत का हे सगळे?"

"तू बसा म्हणालीस," मी म्हटलं.

तिने खालचा ओठ दातांत धरला. मग ओल्या बाहीने तोंड पुसलं, उभी राहिली, आणि बसमधल्याच आवाजात, पण थोड्या फाटलेल्या, म्हणाली,

"थांबली गाडी. उतरा. एकेक जण, ढकलाढकली नको."

दार अडवून मी बसलो होतो, तेव्हा पहिलं मलाच उठायचं होतं. मला मात्र थोडा वेळ लागला, आणि एकशे तीस माणसं माझ्यामागे शहाण्यासारखी रांगेत उभी राहिली.